तंतुकणिकांतील रिबोसोम-प्रथिने

सजीवांच्या कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) प्रथिने तयार करणाऱ्या सूक्ष्म कणांना रिबोसोम म्हणतात. प्राणी व कवके यांच्या कोशिकांत रिबोसोम दोन निरनिराळ्या ठिकाणी आढळतात. बहुसंख्य रिबोसोम कोशिकाद्रव्यात असतात. थोडे मात्र तंतुकणिका अथवा कलकणू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंगकांच्या आत असतात. या दुसऱ्या प्रकारच्या रिबोसोमांच्या घटनेत जी प्रथिने असतात, त्यांना तंतुकणिकांतील रिबोसोम-प्रथिने असे म्हणतात. मानवात त्यांची संख्या सुमारे ८० आहे. ती सर्व केंद्रकातील जीनांच्या आदेशानुसार कोशिकाद्रव्यात तयार होतात व नंतर तंतुकणिकांत नेली जातात. त्यांपैकी एखादे सदोष असल्यास नवजात अर्भकाच्या जिवाला धोका संभवतो. क्षयरोगासारख्या आजारांवरील काही गुणकारी औषधांचे दुष्परिणामही याच रिबोसोमांशी निगडित आहेत. त्यामुळे मूळचा शुद्ध जीवरसायनशास्त्रातील हा विषय वैद्यकाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला आहे.

प्रारंभीचे संशोधन : रिचर्ड आल्टमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये कोशिकांतील कणांचे वर्णन करताना ते स्वतंत्रपणे जगणारे, सूक्ष्मजंतूंसारखे मूलघटक असावेत, असे मत मांडले. त्या काळी हे मत मान्य झाले नाही. कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये या कणांना ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘तंतू’ व ‘कण’ या अर्थांच्या शब्दांपासून ते बनलेले असून मराठीतील ‘तंतुकणिका’ ही संज्ञा त्याच अर्थाची आहे. या कणांचे कार्य पुढील अर्धशतकभर अस्पष्ट राहिले. यूजीन केनेडी व ॲल्बर्ट लेनिंजर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४८-४९ मध्ये असे दाखवून दिले की, अन्नघटकांच्या ऑक्सिडीभवनातून ऊर्जा मिळवून ती एटीपी या संयुगाच्या रूपात साठविण्याची क्रिया तंतुकणिकांत घडते. जॉर्ज पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तंतुकणिकांच्या आतील घड्या पडलेल्या पटलाची रचना उलगडली. कोशिकाद्रव्यातील ज्या बारीक कणांना पुढे रिबोसोम हे नाव मिळाले, त्यांचे वर्णनही त्यांनीच १९५५ मध्ये केले.

तंतुकणिका स्वतः प्रथिने तयार करू शकतात, असे सुचविणारे प्रयोग १९५८ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. किरणोत्सर्गी अणू असलेली ॲमिनो अम्ले वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांना पुरविल्यास ती नव्या प्रथिनांत समाविष्ट होतात, असे त्यांत आढळले होते. या निष्कर्षांविषयी बराच काळ शंका घेतली गेली. कारण तंतुकणिकांच्या नमुन्यात थोडे जरी सूक्ष्मजंतू शिरले, तरी तोच परिणाम दिसणे शक्य होते. मार्गिट नास व सिल्व्हन नास यांनी १९६३ मध्ये स्टॉकहोम येथे तंतुकणिकांत डीएनएचे धागे असल्याचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. आनुवंशिक द्रव्य असेल, तर त्याच्या आदेशानुसार प्रथिने घडविणारी यंत्रणाही तेथे असली पाहिजे, हा विचार त्यामुळे बळावला.

रिबोसोमांचा शोध : टॉमस ओब्रायन व जॉर्ज काल्फ यांनी १९६७ मध्ये उंदराच्या यकृतातील तंतुकणिकांपासून रिबोसोम वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. अतिवेगवान केंद्रोत्सारकात फिरविले असता कण किती वेगाने तळाशी बसतात, यावरून रिबोसोमांचे वर्गीकरण करतात. हा वेग स्वेडबर्ग एककात मोजतात व तो ‘एस’ या अक्षराने दर्शवितात. सूक्ष्मजंतूंचे रिबोसोम ७०एस, तर प्राण्यांच्या कोशिकाद्रव्यातील रिबोसोम ८०एस असतात. सस्तन प्राण्यांच्या तंतुकणिकांतील रिबोसोम मात्र ५५एस असल्याचे आढळले. हा आकडा इतका कमी होता की, हे पूर्ण रिबोसोम नसून मोडलेल्या रिबोसोमांचे तुकडे असावेत, अशी शंका येणे साहजिक होते. ओब्रायन यांनी १९७१ मध्ये निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या यकृतात ५५एस रिबोसोम सर्वत्र आढळतात, असे सिद्ध केले. पुढे १९७४ मध्ये गाईच्या यकृतातील रिबोसोमांच्या मापनावरून त्यांचे वस्तुमान सूक्ष्मजंतूंच्या रिबोसोमांपेक्षा कमी नसल्याचे स्पष्ट झाले.

या विसंगतीचे कारण त्यांच्या घटनेत होते. सूक्ष्मजंतूंच्या रिबोसोमात वजनाने सुमारे दोन भाग आरएनए व एक भाग प्रथिन असते. तंतुकणिकांच्या रिबोसोमात हे प्रमाण जवळजवळ उलट असते. आरएनए प्रथिनापेक्षा दाट असल्याने प्रथिनबहुल कण केंद्रोत्सारकात सावकाश खाली बसतो. ५५एस रिबोसोमाचे ३९एस व २८एस असे दोन उपघटक असतात. मोठ्या उपघटकात ॲमिनो अम्ले एकमेकांना जोडली जातात, तर लहान उपघटकात संदेशक आरएनएवरील मजकूर वाचला जातो.

उत्पत्तीविषयक कल्पना : लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात अंतःसहजीवनाची कल्पना नव्याने मांडली. एका प्राचीन कोशिकेच्या आत शिरलेल्या सूक्ष्मजंतूपासून तंतुकणिका उद्भवल्या, असे या कल्पनेचे सार आहे. आल्टमान यांचे मत त्यामुळे वेगळ्या स्वरूपात पुन्हा पुढे आले. रिबोसोमांच्या अभ्यासाने या कल्पनेला भक्कम आधार मिळाला. क्लोरँफिनिकॉल हे औषध सूक्ष्मजंतूंच्या रिबोसोमांचे काम थांबविते व ८०एस रिबोसोमांना बाधत नाही. तंतुकणिकांतील प्रथिनसंश्लेषण मात्र ते थांबविते. उलट कोशिकाद्रव्यातील रिबोसोमांना रोखणाऱ्या सायक्लोहेक्झिमाइडाचा तंतुकणिकांवर परिणाम होत नाही.

केंब्रिज येथील फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मानवी तंतुकणिकांतील डीएनएचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. त्यात १६,५६९ मूलघटक-जोड्या असून केवळ १३ प्रथिने, २२ वाहक आरएनए व २ रिबोसोमी आरएनए यांची माहिती साठविलेली आहे. ही तेराही प्रथिने श्वसन-शृंखला व एटीपी तयार करणारे एंझाइम यांचे घटक आहेत. रिबोसोमाच्या एकाही प्रथिनाचा जीन या डीएनएत नाही. यीस्टच्या तंतुकणिकांत असा एक जीन शिल्लक आहे. रेक्लिनोमोनास अमेरिकाना या एककोशिकीय जीवाच्या तंतुकणिकांतील डीएनएचा क्रम १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात रिबोसोम-प्रथिनांचे सत्तावीस जीन आढळले. मूळ सूक्ष्मजंतूचे जीन उत्क्रांतीच्या ओघात हळूहळू केंद्रकात स्थलांतरित झाले, याचा हा पुरावा समजला जातो. परिणामी मानवातील या रिबोसोमाचा आरएनए-सांगाडा फक्त आईकडून आलेल्या डीएनएपासून, तर प्रथिने आईवडील दोघांकडून आलेल्या केंद्रकीय जीनांपासून तयार होतात. दोन ठिकाणच्या जीनांच्या कार्यात मेळ असल्याशिवाय हा कण उभा राहू शकत नाही.

रचना : गाय व मानव यांच्या तंतुकणिकांतील रिबोसोम-प्रथिनांची यादी २००० नंतरच्या एक-दोन वर्षांत जवळजवळ पूर्ण झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक प्रथिनांना सूक्ष्मजंतूंत समकक्ष प्रथिने आहेत. उरलेली केवळ तंतुकणिकांतच आढळतात. लहान उपघटकातील प्रथिनांची नावे ‘एमआरपीएस’ व मोठ्या उपघटकातील प्रथिनांची नावे ‘एमआरपीएल’ या अक्षरांनी सुरू होतात व पुढे क्रमांक असतो. राजेंद्र अगरवाल व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील ऑल्बनी येथे २००३ मध्ये गाईच्या ५५एस रिबोसोमाचे पहिले त्रिमितीय चित्र गोठविलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने मिळविले. केंब्रिज येथील व्यंकटरामन रामकृष्णन आणि झुरिक येथील नेनाद बान यांच्या गटांनी २०१४ व २०१५ मध्ये अनुक्रमे मानव व डुक्कर यांच्या रिबोसोमांची रचना अणूंच्या पातळीपर्यंत उलगडली. रामकृष्णन यांनी वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदार्थविज्ञानाची पदवी घेतली होती. सूक्ष्मजंतूंच्या रिबोसोमावरील कार्याबद्दल त्यांना टॉमस स्टाइट्झ व आदा योनाथ यांच्यासमवेत २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते.

या संशोधनातून काही अनपेक्षित गोष्टी निदर्शनास आल्या. तंतुकणिकांतील रिबोसोमी आरएनए आखूड झाला असला, तरी त्याच्या गळालेल्या भागांची जागा प्रथिनांनी बव्हंशी घेतलेली नाही. नवी प्रथिने बहुतेक बाहेरच्या पृष्ठभागावर पसरलेली आहेत. इतर रिबोसोमांच्या मोठ्या उपघटकात ५एस हा लहान रिबोसोमी आरएनए असतो. मानवी तंतुकणिकांत त्याच्या जागी व्हॅलीन या ॲमिनो अम्लाचा वाहक आरएनए बसविलेला आढळतो. काही प्रथिने रिबोसोमाला तंतुकणिकेच्या आतील पटलाशी जखडून ठेवतात. येथे तयार होणारी तेराही प्रथिने त्या पटलातच बसवावयाची असल्याने ही रचना सोयीची ठरते.

कार्य : या रिबोसोमांचे मुख्य कार्य उपरोक्त तेरा प्रथिने तयार करणे हे होय. श्वसन-शृंखलेतील पहिल्या संकुलात त्यांपैकी सात, तिसऱ्यात एक, चौथ्यात तीन व एटीपी तयार करणाऱ्या पाचव्या संकुलात दोन प्रथिने असतात. दुसरे संकुल पूर्णपणे केंद्रकीय जीनांवर अवलंबून असते. म्हणून रिबोसोमात दोष असल्यास पहिले, तिसरे, चौथे व पाचवे संकुल दुर्बल होते आणि दुसरे शाबूत राहते. ही खूण निदानाच्या दृष्टीने उपयुक्त आहे. काही रिबोसोम-प्रथिनांना दुसरीही कामे असावीत, असे दिसते. उदा., इझ्राएलमधील संशोधकांनी १९९५ मध्ये कोशिकेच्या नियोजित मृत्यूशी संबंधित असे एक प्रथिन शोधले. पुढे तेच लहान उपघटकातील एस २९ हे प्रथिन असल्याचे उघड झाले.

अशा प्रथिनातील दोषाचा परिणाम संपूर्ण प्राण्याच्या वर्तनावर होतो, हे प्रथम फळमाशीत दिसले. धक्का बसताच आकडी येऊन निपचित पडणाऱ्या माश्यांचा एक आनुवंशिक प्रकार ठाऊक होता. या दोषाला कारणीभूत असलेला जीन सूक्ष्मजंतूंच्या एस १२ या रिबोसोम-प्रथिनाशी साम्य असलेले प्रथिन घडवितो, असे १९८७ मध्ये सिद्ध झाले. मज्जासंस्थेला ऊर्जेची गरज किती मोठी असते, हे त्यावरून लक्षात आले.

आनुवंशिक विकार : मानवातील तंतुकणिकाजन्य विकाराचे पहिले सविस्तर वर्णन स्वीडनमधील रॉल्फ लुफ्ट व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये केले. तंतुकणिकांच्या स्वतःच्या डीएनएतील दोषांमुळे रोग होतात, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. रिबोसोम-प्रथिनांतील दोषाचा पहिला दाखला मात्र २००४ मध्ये पुढे आला. इझ्राएलमधील संशोधकांनी तपासलेल्या एका नवजात अर्भकाच्या मेंदूचे दोन गोलार्ध जोडणारा तंतुपट्टा तयार झालेला नव्हता व रक्तात लॅक्टिक अम्ल घातक प्रमाणात साठले होते. हे अर्भक दगावले. त्याच्या एस १६ या प्रथिनाच्या जीनाच्या दोन्ही प्रतींत उत्परिवर्तन आढळले. त्यामुळे प्रथिन अपुरे राहत होते आणि लहान उपघटकाची जुळणी न झाल्याने त्यातील आरएनएही मोठ्या प्रमाणात घटला होता.

लॅक्टिक अम्ल वाढण्याचे कारण ऊर्जानिर्मितीच्या मार्गात आहे. श्वसन-शृंखला मंदावली की, कोशिका ग्लुकोजाचे ऑक्सिजनविरहित विघटन करून गरज भागविण्याचा प्रयत्न करते. त्यातून लॅक्टिक अम्ल तयार होते व रक्ताची अम्लता वाढते. सतत काम करणारे हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे व कानातील संवेदी कोशिका यांना ऊर्जेची टंचाई लवकर जाणवते.

त्यानंतर असे अनेक दोष उजेडात आले. एस २२ मधील दोषामुळे गर्भावस्थेतच सूज, हृद्‌स्नायूचा विकार व मूत्रपिंडातील नलिकांचा विकार होतो, असे २००७ मध्ये आढळले. एल ३ मधील दोष २०११ मध्ये व एल ४४ मधील दोष २०१३ मध्ये बालकांतील हृद्‌स्नायू विकाराशी जोडला गेला. एस ७ मधील दोषात बहिरेपणासह यकृत व मूत्रपिंडे निकामी होतात (२०१५), तर एस ३४ मधील दोषाने मेंदूच्या खोल भागांची झीज होते (२०१७). एस २२ याच प्रथिनातील वेगळ्या व सौम्य उत्परिवर्तनांमुळे इतर बाबतींत निरोगी असलेल्या मुलींचे अंडाशय वयात येताना कार्यक्षम होत नाहीत, असे २०१८ मध्ये दिसून आले. एकाच जीनातील बदल कमीअधिक तीव्र असेल, त्यानुसार अर्भकमृत्यूपासून वंध्यत्वापर्यंत निरनिराळे परिणाम संभवतात.

हे विकार अत्यंत विरळ आहेत. ते सामान्यतः अप्रभावी पद्धतीने संक्रमित होतात. म्हणजे आई व वडील दोघेही दोषवाहक पण स्वतः निरोगी असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. नात्यातील विवाहांत असा योग जुळून येण्याची शक्यता अधिक असते. मूळ दोष दूर करणारा उपचार उपलब्ध नसून लक्षणांनुसार उपचार करतात. तथापि सदोष जीन निश्चित कळल्यास पुढील गर्भारपणात गर्भाची तपासणी करता येते व कुटुंबाला योग्य आनुवंशिक सल्ला देता येतो.

औषधांचे दुष्परिणाम : तंतुकणिकांचे रिबोसोम सूक्ष्मजंतूंच्या रिबोसोमांचे वंशज असल्याने प्रतिजैव पदार्थांचा मारा काही अंशी त्यांच्यावरही होतो. व्हेनेझुएलातील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून १९४७ मध्ये क्लोरँफिनिकॉल मिळाले. १९४८ मध्ये क्वालालंपूर येथे आंत्रज्वरावर (टायफॉइडवर) त्याचा प्रभावी उपयोग झाला व लवकरच ते जगभर वापरात आले. त्यामुळे होणाऱ्या रक्तविकारांचे वृत्तांत १९५० पासून येऊ लागले. हे विकार दोन प्रकारचे आहेत. एक मात्रेवर अवलंबून असतो : अस्थिमज्जेतील रक्तनिर्मिती मंदावते व औषध थांबविल्यावर पूर्ववत होते. तंतुकणिकांच्या रिबोसोमांवरील परिणामामुळे हा विकार होतो. दुसरा विकार क्वचित होणारा पण बहुधा प्राणघातक असा असून त्यात अस्थिमज्जा कायमची निकामी होते. त्याचा मात्रेशी संबंध नसतो व त्याची कारणे वेगळी समजली जातात.

क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीन (१९४३) व त्या गटातील इतर औषधांमुळे काही रुग्णांना बहिरेपणा येतो. भारतात पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनाबरोबरच पुढे स्ट्रेप्टोमायसिनाचेही उत्पादन होऊ लागले. काही कुटुंबांत अल्प मात्रेनेही कायमचा बहिरेपणा येतो व ही प्रवृत्ती आईकडूनच अपत्यांत उतरते, असे दिसून आले होते. १९९३ मध्ये त्याचे कारण सापडले. तंतुकणिकांच्या डीएनएतील १,५५५ व्या स्थानी, लहान रिबोसोमी आरएनएच्या जीनात, एका मूलघटकाचा बदल झाल्याने तो भाग सूक्ष्मजंतूंच्या आरएनएसारखा बनतो व औषध तेथे सहज चिकटते. येथे दोष प्रथिनात नसून आरएनएत असला, तरी बिघडणारा कण तोच असतो. या बदलाची चाचणी २६ मिनिटांत करणारी पद्धती इंग्लंडमधील मँचेस्टर येथे नवजात अर्भकांसाठी वापरून पाहण्यात आली व तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे संभाव्य बहिरेपणा टाळून वेळीच दुसरे औषध देणे शक्य झाले आहे.

लिनेझोलिड हे औषध २००० मध्ये अमेरिकेत मान्य झाले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर ते अतिशय गुणकारी आहे. परंतु दीर्घकाळ घेतल्यास रक्तक्षय, हातापायांच्या तंत्रिकांचा दाह, दृष्टिदोष व लॅक्टिक अम्लरक्तता हे विकार उद्‌भवतात. या सर्वांचे मूळ तंतुकणिकांतील प्रथिनसंश्लेषण मंदावण्यात आहे. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज १,२०० मिग्रॅ. मात्रा दिली असता बहुतेक रुग्ण बरे झाले, पण ८१ टक्के रुग्णांना तंत्रिकाविकार व ४८ टक्क्यांना अस्थिमज्जेचा विकार जडला. २०२२ मधील पुढील चाचणीत ६०० मिग्रॅ. मात्रेने गुण जवळजवळ तितकाच येऊन दुष्परिणाम कमी झाल्याचे आढळले. हे औषध अंतर्भूत असलेल्या सहा महिन्यांच्या उपचारक्रमाला भारत सरकारने २०२४ मध्ये मान्यता दिली. मुंबईसारख्या शहरांत या प्रकारच्या क्षयरोगाचा प्रश्न गंभीर असल्याने मात्रेचा हा तोल महाराष्ट्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. जंतूंचा रिबोसोम थांबेल पण रुग्णाचा चालू राहील, अशी मात्रा राखणे हे या उपचारातील मुख्य कौशल्य होय.

वार्धक्य व कर्करोग : लोझॅन येथील संशोधकांनी २०१३ मध्ये उंदरांच्या निरनिराळ्या वंशांचा अभ्यास करून एस ५ या प्रथिनाच्या जीनाचे कार्य जितके कमी, तितके आयुर्मान अधिक असते, असे दाखविले. सूत्रकृमींत हा जीन दाबून टाकला असता त्यांचे आयुष्य सुमारे ६० टक्क्यांनी वाढले. केंद्रकीय व तंतुकणिकीय प्रथिनांतील मेळ थोडा बिघडल्यास कोशिकेची संरक्षक यंत्रणा जागृत होते, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. मानवात मात्र हाच मेळ अधिक बिघडल्यास गंभीर रोग होतात. म्हणून हे निष्कर्ष मानवाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. काही प्रकारच्या रक्तकर्ककोशिका तंतुकणिकांवर विशेष अवलंबून असतात. टायगेसायक्लीन हे प्रतिजैव औषध त्या कोशिकांतील तंतुकणिकीय रिबोसोम रोखून त्यांचा नाश करते, असे २०११ मध्ये प्रयोगशाळेत आढळले. यावरून एकीकडे दुष्परिणाम मानलेल्या गुणधर्माचा दुसरीकडे उपचारासाठी उपयोग करण्याची दिशा संशोधनाला मिळाली.

सूक्ष्मजंतूंच्या वारशातून आलेला हा कण मानवी कोशिकेत तेराच प्रथिने घडवितो. तथापि त्यासाठी केंद्रकाला सुमारे ऐंशी जीन राबवावे लागतात. या जीनांपैकी पुष्कळांचा रोगाशी असलेला संबंध २००४ नंतरच्या थोड्या वर्षांत उघड झाला. निदान न झालेल्या बालरोगांचा उलगडा आणि अधिक निर्धोक प्रतिजैव औषधांची निर्मिती या दोन्ही कार्यांत या प्रथिनांविषयीचे ज्ञान उपयोगी पडत आहे.